माशाच्या अंगावरची बुळबुळ

नमस्कार श्रोतेहो.

बाजारात मासा घेताना आपण कल्ले लाल आहेत का बघतो, बोटाने दाबून पाहतो. जाणती मंडळी अंगावरची बुळबुळही बघतात. ताज्या माशाची बुळबुळ पाण्यासारखी स्वच्छ असते, शिळा होऊ लागला की ती दुधी आणि गढूळ होते. घरी आणल्यावर मात्र आपण ती मीठ लावून चोळून काढतो. आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

माशाच्या कातडीवर आपल्यासारखा मेलेल्या पेशींचा कोरडा थर नसतो. ती अगदी वरपर्यंत जिवंत असते आणि सतत चिकट स्राव सोडते. हा झाला माशाचा स्वतःचा स्राव. पण त्यात जिवाणूही नांदतात. जुना स्राव पाण्याबरोबर वाहून जातो, नवा येतो. या वाहत्या घरात टिकायचं तर घट्ट धरून राहायला हवं. म्हणून त्यांतले कितीतरी जिवाणू साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या विणून स्वतःभोवती गुंडाळून घेतात. या साखळ्या म्हणजे पॉलिसॅकराइड, मराठीत बहुशर्करा. भेंडी चिरताना सुटणारी तार, भिजलेल्या सब्जाभोवतीचं पारदर्शक आवरण, ही सारी याच कुळातली. तोडून पडून राहिलेल्या उसाच्या रसाला चिकटपणा येतो, तोही जिवाणूंनी बनवलेल्या डेक्स्ट्रान नावाच्या बहुशर्करेमुळेच. साखर कारखान्यांना ती अगदी नकोशी असते.

प्रयोगशाळेत ही बहुशर्करा वेगळी करतात ते बघण्यासारखं असतं. खाऱ्या द्रवात साखर घालून जिवाणू वाढवायचे, द्रव दाट झाला की यंत्रात वेगाने फिरवून जिवाणू तळाशी बसवायचे. वरचा निवळ द्रव घ्यायचा आणि त्यात थंडगार अल्कोहोल ओतायचं. क्षणभर काही दिसत नाही. मग रुईच्या म्हाताऱ्यांसारखे पांढरे तंतू तरंगू लागतात. इतका वेळ पाण्यात विरघळून अदृश्य असलेलं ते विणकाम असं डोळ्यांसमोर येतं. यातल्या अनेक साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे तांबं, शिसं असे धातू त्यांना चिकटून बसतात.

आता पाळलेल्या माशांकडे येऊ. भूमध्य समुद्रात गिल्टहेड सी-ब्रीम नावाचा मासा पिंजऱ्यांत वाढवतात. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मध्ये सोनेरी पट्टा असतो. पिंजऱ्यात मासे दाटीवाटीने राहतात, एकाला लागलेला रोग भराभर पसरतो, आणि मग प्रतिजैविकांकडे हात जातो. स्पेनमधल्या मालागा विद्यापीठाच्या संशोधकांनी उलट बाजूने विचार केला: जे मासे निरोगी आहेत, त्यांच्या अंगावर कोण राहतं? सी-ब्रीमच्या निरोगी कातडीवरून त्यांनी शेवानेला जातीचा एक जिवाणू वेगळा केला. त्याला पीडीपी-११ म्हणतात. माशाच्या स्रावाला तो चांगला चिकटतो. सोल नावाच्या चपट्या माशाला खाद्यातून तो दिला, तेव्हा व्हिब्रिओ हार्वेयी या रोगजंतूच्या संसर्गाने मरणारे मासे कमी झाले. मला यातला साधा शहाणपणा फार आवडतो. औषध शोधायला ते निरोगी माशाकडे गेले.

पण चिकटून राहण्याची ही कला रोगजंतूंनाही येते. तेही बहुशर्करेच्या आवरणाआड दडतात, आणि मग औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून बुळबुळ चांगली की वाईट, असा प्रश्न विचारून भागत नाही. ती कोणाची आहे, हे आधी बघावं लागतं. व्हिब्रिओ डायबोलिकस या जिवाणूचंच बघा. प्रशांत महासागराच्या तळाशी, उष्ण झऱ्यांजवळ राहणाऱ्या एका किड्याच्या अंगावर तो सापडला. घराणं तेच व्हिब्रिओचं. पण त्याची बहुशर्करा आपल्या सांध्यांतल्या हायलुरोनिक आम्लासारखी निघाली, आणि उंदरांच्या कवटीचं हाड भरून येण्यासाठी तिची चाचणी झाली.

रायगडात तळ्यांमध्ये जिताडा पाळणारे कुणी हे भाषण ऐकत असतील, त्यांना एवढंच सांगते. मासा उचलण्याआधी हात ओले करा. जाळं मऊ, बिनगाठीचं घ्या. कोरड्या हाताला आणि खरखरीत जाळ्याला जी बुळबुळ निघून येते, तिच्याबरोबर माशाचे राखणदारही जातात, आणि उघड्या पडलेल्या कातडीवर दुसऱ्याच दिवशी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो.

नमस्कार.