काट्याची एकवाक्यता

(एका सायंकालीन व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'वजन उतरत आहे हे नक्की कसे ओळखावे' असा छापलेला आहे. समोरची गर्दी पाहता आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी वजनकाटा आहे, त्यावर आज सकाळी पाय ठेवून झालेला आहे आणि त्यामुळे दिवसाची सुरुवात थोडीफार बिघडलेलीही आहे, असे मी गृहीत धरतो. काय खावे आणि किती चालावे याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. तो माझा प्रांत नव्हे आणि त्या प्रांतात आधीच दाटीवाटी फार आहे. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणे शिकवली आणि गेल्या चौदा महिन्यांत स्वतःचे अकरा किलो वजन उतरवले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या लक्षात यायला तिसरा महिना उजाडावा लागला, हे कबूल करताना मला संकोच वाटतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, वजन उतरवणाऱ्या माणसाला बरोबर काटा लागत नाही, एकसारखा चुकणारा काटा लागतो. जो काटा दीड किलो जास्त दाखवतो, पण रोज इमानेइतबारे दीडच किलो जास्त दाखवतो, तो तीन महिन्यांत किती उतरले याचे उत्तर बिनचूक देतो, कारण वजाबाकी करताना ती चूक दोन्हीकडून उडून जाते. उलट ज्याची सरासरी अगदी खरी आहे, पण जो आत्ता पाऊण किलो वर आणि दोन मिनिटांनी पाऊण किलो खाली जातो, तो काटा आपल्या कामाचा नाही. खरा आकडा दाखवण्याच्या गुणाला अचूकता म्हणतात. दर वेळी तोच आकडा दाखवण्याच्या गुणाला पाठ्यपुस्तकात पुनरावृत्तिक्षमता असा दात पडणारा शब्द आहे, त्याऐवजी मी आज एकवाक्यता म्हणणार आहे. औषधाची मात्रा वजनावरून ठरवायची असेल तर अचूकता हवीच, त्याबद्दल वाद नाही.

आता ही एकवाक्यता तपासायची कशी? वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो की, उपकरणावर तीच वस्तू पाच वेळा ठेवा आणि पाच आकड्यांत किती अंतर पडते ते पाहा. नवा काटा घरी आणला त्या सकाळी मी तेच केले. पाचही वेळा ८४.३ आले. शंभर ग्रॅमचादेखील फरक नाही! मी इतका हरखलो की पत्नीला हाक मारून सहाव्यांदा उभा राहिलो, आणि ८४.३ च आले. तिने उपकरणशास्त्र शिकलेले नाही, त्यामुळे तिला साधे प्रश्न सुचतात. तिने जवळची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आता राहा उभे." बाटलीत ३०० मिलिलिटर तरी पाणी होते. काटा म्हणाला ८४.३. मी ते पाणी पिऊन टाकले आणि पुन्हा उभा राहिलो. पाणी हातात काय आणि पोटात काय, वजनाच्या दृष्टीने एकच. पुन्हा ८४.३. मग तिने स्वयंपाकघरातून पाच लिटरचा भरलेला कॅन आणला. तो घेऊन उभा राहिलो तेव्हा ८९.७ आले, आणि कॅन खाली ठेवून परत उभा राहिलो तेव्हा काटा म्हणाला ८४.६.

झाले होते ते असे. अशा कित्येक काट्यांच्या आत एक छोटीशी स्मृती बसवलेली असते. नवे वजन मागच्या वजनाच्या अगदी जवळ आले, म्हणजे दोन-चारशे ग्रॅमच्या आत आले, की काटा 'हा मघाचाच माणूस दिसतो' असे ठरवतो आणि मागचाच आकडा पुन्हा दाखवतो. ग्राहकाला काटा विश्वासू वाटावा म्हणून केलेली ही सोय आहे. विद्यार्थ्याने पहिल्या वाचनावरून पुढची चार वाचने घरी बसून लिहावीत, तसा हा प्रकार आहे, आणि असे विद्यार्थी मी आयुष्यभर पकडले आहेत, म्हणून यंत्राने मला फसवावे याचे दुःख अधिक झाले.

मी विक्रेत्याच्या मदतवाहिनीला दूरध्वनी केला. पहिल्या दिवशी बॅटरी काढून घालायला सांगितले. दुसऱ्या दिवशी काटा सपाट जागी ठेवायला सांगितले. तिसऱ्या दिवशी मी पाण्याच्या बाटलीपासून सारी हकीकत सविस्तर सांगितली, पलीकडच्या गृहस्थांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "म्हणजे काटा दर वेळी तोच आकडा दाखवतो ना? मग तक्रार नेमकी कशाची आहे?" चाळीस वर्षे शिकवलेला विषय त्या एका प्रश्नापुढे लटका पडला. त्यांना मी जे उत्तर द्यायला हवे होते ते मला दूरध्वनी ठेवल्यावर सुचले, आणि खरे सांगायचे तर आजचे व्याख्यान म्हणजे तेच उत्तर आहे. फक्त ते गृहस्थ आज सभागृहात नाहीत.

तेव्हा प्रत्येक वाचनाच्या आधी पाच लिटरचा कॅन घेऊन एकदा उभे राहावे, म्हणजे काट्याला मागचे विसरावे लागते. त्या रीतीने मला ८४.६, ८४.२, ८४.५, ८४.१ आणि ८४.५ असे आकडे मिळाले. अर्धा किलोचे अंतर! आधीच्या सहा सारख्या आकड्यांपेक्षा मला हे पाच भांडणारे आकडे जास्त प्रिय आहेत. या काट्यांवर शंभर-शंभर ग्रॅमचे घर दाखवतात, काही तर पन्नासचे दाखवतात. पण पडद्यावर दशांश छापायला काही लागत नाही, तो पेलायला आतले यंत्र लागते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

त्या अर्ध्या किलोपैकी काट्याचा दोष किती आणि माझा किती, याचा मी पुढे महिनाभर शोध घेतला. घरगुती इलेक्ट्रॉनिक काट्याच्या चार पायांत धातूच्या चार पट्ट्या असतात. आपण उभे राहिलो की त्या किंचित वाकतात, त्यांवर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो, आणि चौघींची बेरीज करून काटा वजन सांगतो. अर्थात चारही पाय जमिनीला नीट टेकलेले हवेत. बाथरूमच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो आणि फरशांच्या सांध्यात एखादा पाय अधांतरी राहतो. गंमत अशी की उतार स्वतः जवळपास निर्दोष आहे: दोन अंशांच्या उताराने ८४ किलोंत गणिताने जेमतेम ५० ग्रॅम कमी दिसायला हवेत. पण माझ्या बाथरूममधला आणि बाहेरच्या खोलीतला आकडा यांत ९०० ग्रॅमचा फरक पडत होता, आणि तो सगळा त्या डुगडुगणाऱ्या पायाचा होता. गालिच्यावर तर पाय रुततात, काट्याचे पोटच खाली टेकते आणि आपल्या भाराचा काही हिस्सा पट्ट्यांना वगळून परस्पर जमिनीला जातो. जुन्या स्प्रिंगच्या काट्यांत तळाचा पत्राच वाकतो आणि आतल्या तरफा जागच्या हलतात. 'बाथरूमचा काटा' हे नाव ज्याने रूढ केले त्याने काट्यांचे मोठे नुकसान केले आहे.

काटा भिंतीला टेकवून उभा ठेवणाऱ्या आणि सकाळी आडवा करून लगेच त्यावर चढणाऱ्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. तो आडवा केल्यावर एकदा पायाने दाबावा, ०.० येऊ द्यावे, पडदा मालवू द्यावा आणि मगच उभे राहावे, कारण जागा बदललेल्या काट्याचे शून्यही बदललेले असते. पावले रोज त्याच जागी पडावीत म्हणून मी दोन चिकटपट्ट्या लावल्या. त्यांच्यावरून घरात झालेला विनोद मी इथे सांगत नाही, पण एकाच पायावर भार टाकून उभे राहिले की माझ्या काट्यावर ३०० ग्रॅमपर्यंत फरक पडतो, हे त्या पट्ट्यांनीच मला दाखवले. आकडा पाहायला वाकूही नये. आणि ज्यांचा आकडा उभे राहिल्यावरही किंचित थरथरतो त्यांनी काट्याला बोल लावू नये. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीर हलते आणि चांगल्या काट्याला ते कळते.

तीनदा उभे राहून सर्वांत कमी आकडा वहीत लिहिणारे इथे कोण कोण आहेत? हात वर करू नका, हसण्यावरून कळले. रोज नियमाने तीनदाच उभे राहून रोज सर्वांत कमीच आकडा लिहिणार असाल, तर माझी काहीही हरकत नाही, ती एकसारखी चूक आहे. माझी हरकत आहे ती मनासारखा आकडा येईपर्यंत उभे राहण्याला, कारण त्यात खराब दिवशी सात वेळा आणि चांगल्या दिवशी एकदाच मोजले जाते.

काट्याने काटा काढावा म्हणून मी दुसरा काटाही आणला. पहिला ८४.४ म्हणाला तेव्हा दुसरा ८५.६ म्हणाला, आणि चूक कोणाची हे सांगायला घरात तिसरे कोणी नव्हते. यात लाजण्यासारखे काही नाही. पॅरिसजवळ सेव्हर येथे प्लॅटिनम-इरिडियमचा जो ठोकळा शतकाहून अधिक काळ जगाचा किलोग्रॅम म्हणून जपून ठेवला होता, तो आणि त्याच्या प्रतिकृती यांतही हळूहळू सुमारे ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडले, आणि नक्की कोण बदलले हे ठरवता येईना, कारण व्याख्येनुसार तो ठोकळा चुकूच शकत नव्हता. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच बदलून ती निसर्गाच्या एका स्थिरांकाला बांधण्यात आली. आपल्याला इतके दूर जायला नको. दोनपैकी एक काटा कपाटात ठेवावा आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. बारा मिनिटे उरली आहेत असे मला वाटत होते, चिठ्ठीत पाच लिहिली आहेत, आणि पत्रिकेत छापलेला विषय अजून सुरू व्हायचा आहे. तेव्हा भरभर सांगतो.

काटा एकवाक्य झाला तरी शरीर होत नाही. इटलीतल्या पदुआचा वैद्य सँटोरिओ सुमारे तीस वर्षे तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःला, खाल्ल्या-प्यायल्याला आणि मलमूत्रालाही तोलत राहिला. त्याने १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांचे सार असे की, आत गेलेल्यातला बराच मोठा भाग त्वचेतून आणि श्वासातून नकळत निघून जातो. रात्री झोपेत काही शे ग्रॅम असेच जातात. म्हणून वेळ एकच ठेवावी: सकाळी उठल्यावर, शौचास जाऊन आल्यावर, पाण्याचा घोट घेण्याआधी, आणि कपडे रोज तेच किंवा मुळीच नाहीत.

एवढे करूनही आकडा किलो-दीड किलो हलतोच, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा पाणी असते. काटा आपल्याला पाण्यात पाहतो, हे अक्षरशः खरे आहे. शरीर साखर ज्या रूपात राखून ठेवते त्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि ग्लायकोजेनचा साठा चार-पाचशे ग्रॅमचा, म्हणून पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरल्याचा जो आनंद होतो तो मुख्यतः पाण्याचा असतो. नऊ ग्रॅम जास्तीचे मीठ बाहेर पडेपर्यंत जवळजवळ लिटरभर पाणी धरून ठेवते. सवय नसलेला जोरकस व्यायाम केला की दुखरे स्नायूही काही दिवस पाणी धरतात.

आता दुसरी बाजू पाहा. शरीरातील चरबीच्या एका किलोत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवली तर दिवसाला ६५ ग्रॅम चरबी जाते. काट्याचे एक घर १०० ग्रॅमचे, पाण्याची लाट हजार ग्रॅमची आणि दिवसाची कमाई ६५ ग्रॅमची! काल आणि आज यांची वजाबाकी करणे म्हणजे भरतीच्या लाटा मोजून समुद्र किती आटला ते सांगणे आहे.

म्हणून रोज मोजावे, पण रोजचा आकडा वाचू नये. सात दिवसांची सरासरी काढावी आणि ती मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहावी. सात सुट्या चुका सरासरीत सुमारे २.६ पट लहान होतात. पाण्याच्या लाटा मात्र सुट्या नसतात, चार-चार दिवस टिकतात, म्हणून दोन आठवड्यांवरून निकाल देऊ नये, चार घ्यावेत. ज्यांना सात आकडे सांभाळायचा कंटाळा आहे त्यांनी कल ठेवावा: आजच्या वजनातून कालचा कल वजा करायचा, फरकाचा दहावा भाग कालच्या कलात मिळवायचा. कालचा कल ८३.० आणि आज काट्यावर ८४.० आले, तर आजचा कल ८३.१. किलोभर वाढल्याचा धसका शंभर ग्रॅमवर येतो. कल खऱ्या वजनाच्या काही दिवस मागे चालतो, म्हणजे उतरताना तो नेहमी थोडा जास्तच दाखवतो, पण तीही एकसारखी चूक आहे आणि एकसारख्या चुकीबद्दल माझे मत आपण ऐकले आहे.

दुसरी चिठ्ठी आली. एकच मुद्दा उरला आहे आणि तो निम्म्या सभागृहाचा आहे. मासिक पाळीच्या आधी शरीर पाणी धरते आणि वजन एखाद्या किलोने वर जाऊ शकते, म्हणून ज्यांना पाळी येते त्यांनी या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी करू नये, मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी. ज्यांना आपला काटा स्मृती बाळगतो का ते तपासायचे आहे, त्यांच्यासाठी पाच लिटरचा कॅन मी बरोबर आणला आहे. तो व्यासपीठाच्या डाव्या बाजूला ठेवला आहे आणि भरलेला आहे.