नोटीस आल्यानंतर : कंपनीच्या संगणकांतला पुरावा
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[गोव्यातली वेर्णा औद्योगिक वसाहत. जुलैचा पाऊस. सकाळच्या पाळीच्या बसगाड्या फाटकातून आत शिरतात.]

वेर्ण्याच्या पठारावर पावसाळ्यात हवाच ओली असते. इथे औषधाच्या गोळ्या बनतात, पट्ट्यांत भरल्या जातात आणि देशात-परदेशात जातात. पॅकिंगच्या खोलीतली हवा कोरडी राखायला हे कारखाने चार महिने झटत असतात. ओल आत शिरली की माल परत येतो. कधी मालाच्या पाठोपाठ वकिलाची नोटीसही येते.

या चित्रफितीतला वाद आम्ही कल्पनेने उभा केला आहे. कारखाना, माणसं, खरेदीदार, सगळं उदाहरणादाखल. कायदा, निकाल आणि कामाची पद्धत मात्र खरी आहे.

पुण्याचा खरेदीदार म्हणतो, "खोलीतली हवा कोरडी राहत नाही, हे तुम्हाला जूनमध्येच ठाऊक होतं. तरी माल धाडलात." कारखाना म्हणतो, "आम्हाला ऑगस्टमध्ये कळलं." दावा व्यावसायिक न्यायालयात दाखल होतो. सगळा निकाल एकाच प्रश्नावर अडतो : कुणाला, कधी कळलं?

दोन वर्षांनी साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसाला तारीख आठवेलच असं नाही. संगणकात ती नोंदलेली असते, पण आधी ती सापडायला हवी.

[सर्व्हरची खोली. लुकलुकणारे हिरवे दिवे. मग हिशेब विभाग, मग पॅकिंगची खोली.]

कुठे शोधायचं? मेल सर्व्हरवर, हे कुणीही सांगेल. पण व्यवस्थापकाच्या लॅपटॉपवर एक्सेलची एखादी शीट असते, जी त्याने कधीच कुणाला पाठवलेली नसते. खरेदी विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये एकाच अहवालाच्या पाच आवृत्त्या असतात. आर्द्रता मोजणारं उपकरण दर काही मिनिटांनी आकडा नोंदवत असतं. हिशेबाच्या प्रणालीत यंत्रदुरुस्तीचं बिल असतं, तारखेसकट. आणि पाळीच्या कामगारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, जो कंपनीच्या कुठल्याच यादीत नसतो.

[फाटकाजवळचा कॅमेरा. डीव्हीआरचा डबा.]

शोध लगेच सुरू करायचा नाही. पहिल्या दिवशीचं काम राखणीचं. कॅमेऱ्याचा डीव्हीआर डिस्क भरली की जुन्या चित्रीकरणावर नवं चढवतो. मेल सर्व्हरला ठराविक मुदतीपेक्षा जुने मेल आपोआप पुसायला सांगून ठेवलेलं असतं. नोकरी सोडून गेलेल्याचा लॅपटॉप आयटी विभाग साफ करून नव्या माणसाच्या हाती देतो. यात कुणाचाच वाईट हेतू नसतो. पण नोटीस हाती पडल्यावरही हे चालू राहिलं, तर कोर्टात त्याचा अर्थ वेगळा लागतो.

अमेरिकेत लॉरा झुबुलाके यांनी यूबीएस वॉरबर्ग या बँकेवर भेदभावाचा दावा लावला होता. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००३ आणि २००४ मध्ये त्यात एकामागून एक आदेश दिले. दावा येणार याची कल्पना आल्यावर पुसणं थांबवायचं, आणि ते खरोखर थांबलं की नाही यावर वकिलांनी लक्ष ठेवायचं, हे त्या आदेशांनी पक्कं केलं. त्या बँकेतल्या काही मेल हरवल्या होत्या. हरवलेला मजकूर बँकेच्या विरोधात होता असं धरून चालायला हरकत नाही, असं ज्यूरीला सांगण्यात आलं. २००५ मध्ये ज्यूरीने सुमारे २.९ कोटी डॉलर देवविले.

आपल्याकडेही हे तत्त्व जुनंच आहे. हाती असलेला पुरावा एखाद्याने दडवला तर तो त्याच्या विरोधात गेला असता असं न्यायालय मानू शकतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ११४ च्या उदाहरणांत होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ११९ खाली आहे.

म्हणून मालकाने सगळ्या संबंधितांना लेखी कळवायचं : काहीही पुसू नका, फोन बदलू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका, आपोआप नाहीसे होणारे संदेश बंद करा. गोव्यातल्या लहान कारखान्यांनी हे मनावर घ्यावं असं आम्हाला फार वाटतं. मोठ्या कंपनीकडे विधी विभाग असतो. डिचोली किंवा कुंडईच्या वसाहतीतला वीस माणसांचा कारखाना खरा असूनही हरू शकतो, कारण त्याचं खरेपण ज्या फोनमध्ये होतं तो फोन चतुर्थीच्या ऑफरमध्ये बदलून टाकलेला असतो.

[कँटीनमधलं टेबल. समोरासमोर दोन खुर्च्या.]

दुसरं काम माणसांशी बोलण्याचं. वकिलांची तरुण सहायक पॅकिंगच्या सुपरवायझरसमोर बसली आहे.

"बाब, खोलीत ओल वाढली की तुम्ही कुणाला कळवायचात?"

"मेंटेनन्सवाल्यांना. ग्रुपवर टाकायचो."

"काय लिहायचात?"

"लिहायचं काय, बाय? 'आजही घाम' एवढंच. पाइपांना घाम सुटायचा ना. ते समजायचे."

मुंबईहून आलेल्या वकिलांच्या यादीत दहा-बारा शब्द होते : ओल, दमट, आर्द्रता, ह्युमिडिटी, मॉइश्चर. त्यात 'घाम' कुठून असणार? हा शब्द कळला तो कँटीनमध्ये बसून विचारलं म्हणून. तो ग्रुपमध्ये शोधला की संदेशांची माळ लागते, सगळे रोमन लिपीत, कधी एक 'ए' घालून, कधी दोन. पहिला संदेश जूनच्या तिसऱ्या आठवड्यातला.

शब्द टाकून शोधण्याची ही मर्यादा फार आधी मोजली गेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेच्या एका अपघाताचा खटला होता. त्यात सुमारे ४०,००० दस्तऐवज, साडेतीन लाख पानं संगणकात भरली होती. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरोन या संशोधकांनी १९८५ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपयोगाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के तरी आपल्या हाती लागले, असं वकिलांना वाटत होतं. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच लागले होते. कारण साधं होतं. एका बाजूची माणसं जिला आपत्ती म्हणत, तिलाच दुसरी बाजू 'दुर्दैवी प्रसंग' म्हणे. काही पत्रांत तर नुसतं 'तुमच्या मागच्या पत्रातला विषय' एवढंच लिहिलेलं होतं.

[म्हापशाचा बाजार, मडगाव स्थानकाची पाटी, पणजीतली जुनी नावपाटी.]

गोव्यात यात आणखी भर पडते. कार्यालयातले मेल इंग्रजीत, मालकाच्या चिठ्ठ्या मराठीत, ग्रुपवरचं बोलणं कोकणीत, आणि तेही बहुधा रोमन लिपीत. म्हापसा, मडगाव, पणजी यांची स्पेलिंगं दोन-दोन, तीन-तीन. नाईक हे आडनाव कुणी इंग्रजी वळणाने लिहितं, कुणी पोर्तुगीज वळणाने. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं, तरी इथल्या माणसाच्या मदतीशिवाय शब्दांची यादी पुरी होत नाही.

[लॅपटॉपचा तळ उघडतो. छोटा पेचकस. डिस्क बाहेर येते आणि एका डबीला जोडली जाते.]

आता प्रत काढायची. फाइल पेनड्राइव्हवर ओढून घेतली की झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण अशी नक्कल करताना फाइल तयार झाल्याची तारीख बदलू शकते, आणि आपला सगळा वाद तारखेचाच आहे. म्हणून डिस्क काढून ती 'राइट ब्लॉकर' नावाच्या डबीला जोडतात. या डबीतून डिस्क वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. मग डिस्कच्या कणाकणाची प्रत निघते, पुसलेल्या फाइलींची जागासुद्धा तिच्यात येते.

पडद्यावर अक्षरांची आणि आकड्यांची एक लांब ओळ उमटते. हे 'हॅश मूल्य'. एसएचए-२५६ पद्धतीने काढलं तर ६४ चिन्हांचं. हा त्या डिस्कच्या अंगठ्याचा ठसा. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पुन्हा काढलेली ओळ निराळीच येते. मूळ आणि प्रत यांचे ठसे जुळले की मधल्या काळात कुणी हात लावला नाही हे दाखवता येतं. डिस्क कुणी काढली, कुणाकडे दिली, कुठल्या कपाटात ठेवली, हे सगळं तारीख-वेळेसह वहीत लिहायचं आणि सही घ्यायची.

हाच ठसा पुढे पसारा कमी करायलाही लागतो. एकच मेल बारा जणांना गेला असेल तर त्याच्या बारा प्रती सापडतात. त्या ठशांवरून ओळखून एकच वाचायला ठेवता येते. संगणकाच्या स्वतःच्या फाइलीही याच रीतीने बाजूला काढतात.

[पणजीतलं वकिलांचं कार्यालय. दोन पडदे, एका बाजूला मेल, दुसऱ्या बाजूला 'संबंधित' आणि 'असंबंधित' अशी दोन बटणं.]

तरीही उरतात ते लाखांच्या घरात. इतकं वाचायला माणसं पुरत नाहीत. मग जाणकार वकील थोडे मेल वाचून त्यांवर खुणा करतात, आणि त्या खुणांवरून यंत्र बाकीच्यांचा क्रम लावतं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात मॅजिस्ट्रेट जज अँड्र्यू पेक यांनी 'दा सिल्वा मूर' खटल्यात या पद्धतीला मान्यता दिली. पद्धत चांगली आहे, पण एक पायरी गाळली तर तिच्यावर आमचा भरवसा नाही. यंत्राने बाजूला सारलेल्या ढिगातून काही मेल कुठलाही क्रम न धरता उचलायचे आणि माणसाने वाचायचे. त्यात कामाचं काही निघालं, तर पुन्हा मागे जायचं. 'घाम' एकदा तरी या ढिगात सापडतोच.

वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहार यातून वेगळा काढतात, तो दुसऱ्या बाजूला द्यायचा नसतो. कामगारांच्या घरगुती गप्पा, आजारपणं, कर्जाचे हप्ते हेही ग्रुपवर असतं. वादाशी संबंध नसलेली ही माहिती फायलीत जाऊ नये, याची काळजी घेणं हे माणुसकीचं काम आहे.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. जूनचा तो संदेश कारखान्याच्याच विरोधात जातो. तो द्यायचा का?

द्यायचा. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालयं कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ या दाव्यांपुरता बदलला. वादाशी संबंधित जे दस्तऐवज आपल्या ताब्यात आहेत त्यांची यादी दोन्ही बाजूंनी द्यायची, मग ते आपल्या बाजूचे असोत की विरोधातले. इलेक्ट्रॉनिक नोंदीही त्यात येतात, आणि सोबत शपथेवर निवेदन लागतं. या नियमाची मराठी उद्योजकांत पुरेशी चर्चा होत नाही. 'आपल्या फायद्याचं तेवढं लावू' ही जुनी सवय इथे चालत नाही.

[पर्वरी. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाची इमारत.]

शेवटचा टप्पा दाखल्याचा, म्हणजे ही संगणकातली प्रत कुठून आणि कशी काढली हे सही करून देण्याचा. तो का लागतो हे जालन्याच्या एका निवडणुकीने देशाला समजावलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना २९६ मतांनी हरवलं. खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर आला, असा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. सीडी होत्या, पण जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चा दाखला नव्हता. गोरंट्याल यांनी तो अधिकाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा मागितला, मिळाला नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

१४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. प्रत सादर करायची तर दाखला लागणारच, हा २०१४ च्या 'अन्वर' निकालातला नियम कायम राहिला, आणि २०१८ मध्ये 'शफी मोहम्मद' प्रकरणात दिलेली सैल मोकळीक मोडीत निघाली. मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केलं, तर दाखला नको. आणि शक्य ते सगळं करूनही समोरच्याने दाखला दिला नाही, तर त्याचा भार मागणाऱ्यावर टाकायचा नाही. गोरंट्याल यांना याचाच आधार मिळाला, खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. दाखल्याचं कलम आता ६३, आणि दाखला दोन भागांत : पहिला पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश मूल्य आणि ते कुठल्या पद्धतीने काढलं हे लिहावं लागतं. प्रत काढताना ठसा घेतलाच नसेल, तर दोन वर्षांनी त्या रकान्यात काय भरणार?

[सुपरवायझरचा फोन. तज्ज्ञ ग्रुपची नोंद उतरवून घेतो. पाकीट, लाख, सही.]

आपल्या उदाहरणातल्या कारखान्याने जूनचा संदेश यादीत लावला. त्याबरोबर दुरुस्तीचं बिलही लावलं, जून संपण्याआधीचं, आणि त्यानंतर खाली आलेले आर्द्रतेचे आकडेही. आता खरेदीदाराला दाखवावं लागेल की दुरुस्तीनंतर भरलेल्या मालालाही ओल लागली होती, आणि कारखान्याला दुरुस्तीआधीचा माल कुठे गेला याचा हिशेब द्यावा लागेल.

दस्तऐवज उघड करण्याची जबाबदारी दावा निकाली निघेपर्यंत चालू राहते. मधेच नवं काही सापडलं तर तेही द्यावं लागतं. तोवर सर्व्हरवरचं आपोआप पुसणं बंदच राहील, आणि सुपरवायझरला नवा फोन घ्यायचा असेल तर जुना आधी वकिलांकडे पोहोचता करावा लागेल.