ड्रिल मशीनचा बेस: खालचं दुसरं टेबल

मंडळी, ड्रिल मशीनसमोर उभं राहिलं की नजर ड्रिल पकडणाऱ्या चकवर जाते, फार तर टेबलवर. आज जरा खाली बघू. बेसचा वरचा भाग मशीनिंग करून सपाट केलेला असेल आणि त्यात स्लॉट, म्हणजे खाचा, असतील, तर ते मशीनचं दुसरं टेबलच आहे. त्यावर तेलाचे डबे रचलेले दिसले की मनापासून वाईट वाटतं. लहान बेंच मशीनचा बेस पुष्कळदा ओतलेला तसाच रंगवून सोडलेला असतो. त्याची गोष्ट वेगळी.

स्लॉटबद्दल बोलूच, पण आधी बेसच्या कोपऱ्यातली चार भोकं. मोटर, पुली, हेड, सगळं वजन वर. त्यात टेबलवर जड जॉब (भोक पाडायची वस्तू) एका बाजूला आला की मशीन कलंडू शकतं. म्हणून ते जमिनीला बोल्टने धरायचं. बोल्ट न मारणं ही एक चूक. दुसरी लवकर ध्यानात येत नाही: जमीन उंचसखल, बेस तीन कोपऱ्यांवर टेकलेला, आणि चौथा कोपरा पान्याने आवळून खाली ओढलेला. बीड (ओतीव लोखंड) दणकट खरं, पण असं ओढलं की बेसला पीळ बसतो आणि कॉलमशी, म्हणजे हेड आणि टेबल धरणाऱ्या उभ्या खांबाशी, त्याचा काटकोन बिघडतो. अख्खं मशीन थोडं कललेलं असेल तर भोक तिरकं होत नाही, कारण जॉब आणि स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) एकत्रच कलतात. पीळ मात्र नडतो. तोही टेबलवर काम करताना कळत नाही, कारण टेबल कॉलमलाच धरलेलं असतं. बेसवर उंच जॉब लावला की भोक वाकडं निघतं आणि दोष ड्रिलला दिला जातो!

तपासणं सोपं आहे. मॅग्नेटिक स्टँड बेसच्या पुढच्या कडेजवळ बसवा, त्यावरच्या डायलचं (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचं) टोक कॉलमवर साधारण 300 मिमी उंचीला टेकवा. आता एकेक बोल्ट सैल करा आणि काट्यावर नजर ठेवा. काटा हलला, तर त्या कोपऱ्याखाली फट आहे. फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजा, तेवढा शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) सरकवा, पुन्हा आवळा. मग स्टँड बाजूला ठेवून तेच करा, कारण पुढून न दिसलेला कल तिथे दिसतो.

वेळ संपत आलाय, स्लॉटचं भराभर सांगतो. जॉब टेबलवर मावत नसेल तर टेबलचा क्लॅम्प सैल करून ते बाजूला फिरवा, पुन्हा आवळा आणि जॉब बेसवर उभा करा. टी-स्लॉटमध्ये (उलट्या T आकाराच्या खाचेत) टी-बोल्ट सरकवा आणि त्यावर जॉब दाबणारी पट्टी लावा. पट्टीच्या मागच्या टोकाखालचं पॅकिंग (टेकू) जॉबइतकं किंवा किंचित उंच हवं आणि बोल्ट पॅकिंगपेक्षा जॉबच्या जवळ. उलटं केलं तर सगळा दाब पॅकिंगवर जातो. टी-नट वापरत असाल तर स्टड (त्यात बसणारा आट्यांचा दांडा) आरपार जाऊन स्लॉटच्या तळाला टेकू देऊ नका. आवळताना नट वर रेटला जातो आणि स्लॉटचा ओठ तुटतो. बीडाचा तुकडा उडाला की तो कोपरा गेला.

आरपार भोक असेल तर जॉबखाली लाकूड घाला आणि डेप्थ स्टॉप (ड्रिल ठरावीक खोलीवर थांबवणारा अडसर) लावा, नाहीतर ड्रिल बेसमध्ये घुसतं. लांब जॉब डावीकडे ठेवून कॉलमच्या डाव्या अंगाला टेकवा: ड्रिल वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे ड्रिल अडकलं तरी जॉब कॉलमवर थांबतो, तुमच्याकडे येत नाही.

कडेने पन्हळ असेल तर ती कूलंट (ड्रिल थंड ठेवणारं द्रव) गोळा करायला आहे. निचऱ्याचं भोक बुरादा काढून मोकळं ठेवा. मागे मशीन उभं आहे, डायल लावलेला आहे. या, एक बोल्ट सैल करून बघू.