झोपेत निसटलेला देश

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर भूगोल सांगायचा म्हणजे पंचाईतच. माझ्या हातात खडू नाही, तुमच्यासमोर नकाशा नाही. म्हणून आजचा नकाशा आपण स्वयंपाकघरातून उचलू. ज्वारीचं पीठ विरी गेलेलं असलं की भाकरी थापताना कडा कशा चिरत जातात, ते तुम्ही पाहिलंय. मधली भाकरी नीट गोल, आणि एका बाजूची कड मात्र फाटलेली, लांबलेली, बोटं फुटल्यासारखी परातभर पसरलेली. ती मधली भाकरी म्हणजे आशिया. आणि पश्चिमेकडची ती फाटकी कड म्हणजे युरोप.

आपण युरोपला खंड म्हणतो, म्हणू या. पण पूर्वेला त्याला समुद्र नाही. तिथे उरल पर्वत, मग उरल नदी, मग कॅस्पियन समुद्र, मग कॉकेशस अशी एक रेघ माणसांनी मारून ठेवली आहे. त्यातला उरल म्हणजे काही हिमालय नव्हे. त्याचं सर्वांत उंच शिखर आपल्या कळसूबाईपेक्षा फार तर अडीचशे मीटरनी उंच. एवढ्या कुंपणावर खंड वेगळा झाला! तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला जमीन, याला शाळेत आपण काय म्हणायचो? द्वीपकल्प. तर युरोप हा स्वतःच एक द्वीपकल्प आहे. क्षेत्रफळ सुमारे १ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण तीन भारत.

आणि या द्वीपकल्पाला पुन्हा द्वीपकल्पं फुटलेली. वर उत्तरेला नॉर्वे-स्वीडनचा स्कँडिनेव्हिया. खाली डावीकडे स्पेन-पोर्तुगालचा आयबेरिया. मधोमध इटलीचा बूट. त्याच्या उजवीकडे बाल्कन. शिवाय डेन्मार्कचा जटलंड, जो बाकीच्यांसारखा दक्षिणेकडे न लोंबता वर उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. घरातलं एखादं पोर असतं ना, सगळे फोटोत समोर बघतात आणि हे भलतीकडेच. नॉर्वेच्या किनाऱ्यावर तर हिमनद्यांनी डोंगर इतके खोल कोरले, की नंतर त्यात समुद्र शिरला आणि फियोर्ड तयार झाले. सोन्येफियोर्ड नावाचा एक फियोर्ड २०० किलोमीटर आत गेला आहे आणि त्याची खोली १३०० मीटरच्या वर आहे. २०० किलोमीटर आत. म्हणजे अलिबागला समुद्र जमिनीत घुसला आणि तो पार नगरपर्यंत गेला, असं समजा.

आता ही कड फाटकी असल्याने काय झालं? समुद्र सगळ्यांच्या दाराशी आला, आणि डोंगरांनी एकेकाचं अंगण वेगळं केलं. आयबेरिया आणि फ्रान्सच्या मध्ये पिरेनीज. इटलीच्या डोक्यावर आल्प्स. आणि या डोंगरांच्या घड्यांमध्ये काही अगदी चिमुकले देश अडकून राहिले. जुन्या कोटाच्या अस्तरात एखादं नाणं सापडतं, तसे. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट याच घडीतली आहे.

गोष्ट आमच्या मेहुण्यांची. २०१४ च्या मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, आमची ही, माझी थोरली ताई आणि मेहुणे, एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही. जेवण चांगलं होतं, एवढं मात्र सांगतो. बारा दिवस, आठ देश. बारा दिवसांत आठ देश पाहायचे म्हणजे काय पाहायचं, हे मी निघण्याआधीच विचारलं होतं. माझं मत असं, की एका नदीच्या काठी चार दिवस बसावं, देश आपोआप कळतो. पण घरात भूगोलाच्या शिक्षकाला कोण विचारतो?

तर आम्ही स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नहून ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला निघालो होतो. वाटेत वळणं. मेहुण्यांना वळणं सोसत नाहीत, ताम्हिणीतसुद्धा नाहीत. त्यांनी नाश्त्यानंतर उलटीची गोळी घेतली, वर एक आवळ्याची सुपारी, आणि वालेनझे नावाचं तळं येईपर्यंत त्यांची मान खिडकीला टेकली. बाहेर निळंगार पाणी, त्याच्यावर सरळ कापलेले कडे, आणि आत मेहुण्यांचं घोरणं.

थोड्या वेळाने एक पूल आला. साधा पूल. खाली राखाडी-हिरवट पाणी, दोन्ही काठांना दगडी बांध, अगदी कालव्यासारखी सरळ नदी. मी उडालोच! ती ऱ्हाईन होती. वर डोंगरातल्या हिमनद्या खडक दळतात, त्याचं पीठ पाण्यात मिसळतं, म्हणून तो राखाडी रंग. आणि ते बांध काही शोभेचे नाहीत. या नदीने इथली शेतं वर्षानुवर्षं बुडवली, १९२७ साली तर बांध फोडून अर्धं खोरं पाण्याखाली घातलं. हे सगळं मी आमच्या हिला सांगू लागलो, तर सहलीचा व्यवस्थापक माइकवर चॉकलेटं कुठे स्वस्त मिळतात ते सांगत होता. ऱ्हाईनबद्दल अवाक्षर नाही. शेवटी एवढंच म्हणाला, ‘चला, आपण नव्या देशात आलो.’

चौकी नाही, शिपाई नाही, पासपोर्ट कुणी मागितला नाही. पूल ओलांडला आणि देश बदलला. देशाचं नाव लिख्टेनस्टाइन.

आकार सांगतो. १६० चौरस किलोमीटर. बोरिवलीचं नॅशनल पार्क आहे ना, त्याच्या जेमतेम दीडपट. लोकवस्ती चाळीस हजारांच्या आसपास. पश्चिमेची हद्द म्हणजे ही ऱ्हाईन, पूर्वेला आल्प्स, आणि मध्ये जी सपाट पट्टी उरते तिच्यात गावं, शेतं, कारखाने, सगळं. नदी आणि डोंगर यांच्या घडीत बसलेला देश. आणि त्याची खरी गंमत पुढे आहे. याला समुद्र नाही. अशा देशाला आपण भूवेष्टित म्हणतो. पण याचे शेजारी दोन, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया, त्यांनाही समुद्र नाही! म्हणजे इथून समुद्रावर जायचं तर किमान दोन देश ओलांडावे लागतात. पुन्हा सांगतो, किमान दोन देश. असे देश साऱ्या जगात दोनच, हा एक आणि उझबेकिस्तान. भाकरीची कड एवढी फाटलेली, सगळीकडे समुद्र शिरलेला, आणि नेमका याच्या वाट्याला थेंब नाही.

राजधानी वाडुझ. तिथले लोक म्हणतात फादुत्स, पण आमच्या सहलीत ती शेवटपर्यंत वाडुझच राहिली. पाऊण तासाचा थांबा. ताईने मेहुण्यांना हलवून पाहिलं. ‘अहो, उठा, देश आला.’ ते म्हणाले, ‘इन्सब्रुक आलं की सांग.’ गोळी मोठी प्रामाणिक निघाली. ताईने त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि आम्ही तिघं उतरलो.

एक मुख्य रस्ता, तोही पायी फिरायचा. मान वर केली की कड्यावर राजाचा वाडा. राजा अजून तिथे राहतो, त्यामुळे आत जाऊ देत नाहीत. गावाच्या कडेला द्राक्षांचे मळे. आल्प्सच्या कुशीत द्राक्षं कशी, असं मला आधी वाटलं होतं. तर तिथे डोंगर उतरून येणारा फॉन नावाचा वारा आहे. उतरताना तो तापतो, कोरडा होतो, आणि थंडीतही एकाएकी ऊब आणतो. द्राक्षांना त्याचा मोठा आधार. मी तिथे पोस्टाची तिकिटं घेतली. या देशाची तिकिटं म्हणजे एके काळी संग्राहकांचा जीव की प्राण. आता मुलांना तिकीट म्हटलं की फक्त सिनेमाचं कळतं. असो.

पर्यटन कार्यालयात थोडे पैसे घेऊन पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून देतात. ताईने हौसेने पर्समधून पासपोर्ट काढला, शिक्का मारून घेतला, फुंकर घालून वाळवला. बसमध्ये आलो, निघालो. अर्ध्या तासात तो देश संपलासुद्धा. मेहुणे जागे झाले ते ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गच्या बोगद्यात. चौदा किलोमीटरचा बोगदा, दोन्हीकडे दिवे पळतायत, आणि हे विचारतायत, ‘लोणावळा गेलं का?’

मग ताईने शिक्का दाखवायला पासपोर्ट उघडला. आणि गप्प झाली. पासपोर्ट मेहुण्यांचा होता. तिचा स्वतःचा होता बॅगेत, मेहुण्यांच्या पायाशी. म्हणजे ज्यांनी देश पाहिला नाही त्यांच्याकडे शिक्का, आणि जिने पाहिला तिचं पान कोरं!

तेव्हापासून आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, हा वाद निघतो. मेहुणे म्हणतात, ‘मी आठ देश केले, कागद आहे.’ ताई म्हणते, ‘तुम्ही सात केले आणि एका देशातून तुमचं सामान गेलं.’ मी मेहुण्यांच्या बाजूने एक मुद्दा मांडत असतो. ज्या लिख्टेनस्टाइन घराण्याने १६९९ आणि १७१२ मध्ये, अशी दोन तुकड्यांत, ही जमीन विकत घेतली आणि १७१९ मध्ये तिचं संस्थान करून घेतलं, त्या घराण्यातलं कुणी पुढची सुमारे शंभर वर्षं तिकडे फिरकलंच नाही. मालकांनीच देश पाहिला नव्हता, तर आमच्या मेहुण्यांचं काय घेऊन बसलात! आणि २००७ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडचे सुमारे १७० सैनिक रात्रीच्या सरावात, पावसात वाट चुकले आणि चांगले दोन किलोमीटर या देशात शिरले. मग लक्षात आलं, तसे परत फिरले. या देशाला पत्ताच नाही. स्वित्झर्लंडने आपण होऊन कळवलं, तेव्हा समजलं. इकडे सैन्यच नाही, ते १८६८ सालीच मोडीत काढलं. हद्द कळत नाही हो तिथे, जाग्या माणसालाही नाही.

काचेपलीकडून निर्मात्या बाई घड्याळ दाखवतायत. बाकीचे चिमुकले देश आता धावतच घेतो.

पिरेनीजच्या घडीत अँडोरा, ४६८ चौरस किलोमीटर. याला राजे दोन. एक शेजारच्या स्पेनमधल्या उर्जेलचा बिशप आणि दुसरा चक्क फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. राजेशाही उलथून टाकणाऱ्या फ्रान्सचा माणूस, निवडून येतो आणि दुसरीकडे राजा होतो. इटलीच्या पोटात सान मारिनो, ६१ चौरस किलोमीटर, टायटानो नावाच्या ७३९ मीटर उंच डोंगरावर तीन बुरूज बांधून बसलेला. ज्याने आपले गड पाहिलेत त्याला हा देश का टिकला हे समजावून सांगायला नको. १८४९ मध्ये ऑस्ट्रियाचं सैन्य मागावर असताना इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीला इथेच आसरा मिळाला होता. रोममध्ये व्हॅटिकन, अर्धा चौरस किलोमीटरही नाही, १९२९ च्या करारातून झालेला. मोनाको दोन चौरस किलोमीटर, तेही समुद्रात भराव टाकून वाढवलेले. जागा नसली की भराव, हे मुंबईकरांना मी काय सांगणार. आणि सिसिलीच्या खाली माल्टा, हा तेवढा बेटांचा, बाकी सगळे जमिनीला चिकटलेले.

बाल्कनबद्दल बोलायचं राहिलं, आणि तो तर पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही. मेहुणे हे भाषण ऐकतायत. ताईने आत्ताच निरोप पाठवलाय, ‘त्यांना सांग, सातच.’

नमस्कार.