पाळी गेल्यानंतरची हाडं : हार्मोन किती वर्षं घ्यायचे?

[दृश्य : गोळ्यांची पट्टी. एकच गोळी उरली आहे.]

गरम वाफा थांबून दोन वर्षं झाली. झोपही परत आली. मग आता कशाला घ्यायची ही हार्मोनची गोळी? असं म्हणून अनेकजणी पट्टी संपली की दुसरी आणतच नाहीत. कुणाला कुणीतरी सांगितलेलं असतं, 'पाच वर्षं झाली ना, पुरे.' कुणी कॅन्सरबद्दल काहीतरी वाचून धसका घेतलेला असतो. या सगळ्यात वाफांचा विचार होतो, झोपेचा होतो, चिडचिडीचाही होतो. हाडांचा मात्र राहून जातो, कारण हाडं आतून विरळ होत जातात तेव्हा दुखत नाहीत.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली हाडाची जाळी.]

भिंतीवर टांगलेला सांगाडा बघून हाड म्हणजे निर्जीव वस्तू वाटते. प्रत्यक्षात ते कधीच न संपणारं बांधकाम आहे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नव्यानं घडतो. काही पेशी जुनं हाड खणून काढतात, दुसऱ्या पेशी तिथं नवं भरतात. खणायला काही आठवडे लागतात, भरून यायला काही महिने. खणणाऱ्यांना लगाम घालण्याचं काम इस्ट्रोजेन करतं, म्हणजे अंडाशयात तयार होणारं हार्मोन. आपल्या गोळीतही तेच असतं. पाळी जाते तेव्हा हा लगाम सुटतो. एकाच वेळी जास्त ठिकाणी खड्डे पडतात आणि भरणाऱ्यांचा हात पुरा पडत नाही. पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांच्या हाडांची वीस टक्क्यांपर्यंत घनता अशीच जाते.

हा संबंध आधी ओळखला बॉस्टनचे डॉक्टर फुलर अलब्राइट यांनी. पाठीचे मणके दबलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांची त्यांनी यादी केली. पासष्टीच्या आतले ४२ जण. त्यातल्या ४० जणी पाळी गेलेल्या बायका होत्या. १९४१ सालची ही गोष्ट. अलब्राइट यांनी त्यांना इस्ट्रोजेन द्यायला सुरुवात केली.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. घेतलेलं इस्ट्रोजेन बंद केलं तर काय होतं?

[दृश्य : जुनी क्ष-किरण चित्रं, हाताच्या पंजाची.]

याचं उत्तर ग्लासगोमधून आलं, १९७८ साली. रॉबर्ट लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशय काढलेल्या बायकांच्या हातातल्या हाडांचं खनिज वर्षानुवर्षं मोजलं. काहींना इस्ट्रोजेन सतत दिलं, काहींना नुसतीच खोटी गोळी, आणि काहींचं इस्ट्रोजेन चार वर्षांनी थांबवलं. ज्यांचं चालू होतं त्यांची हाडं टिकली. ज्यांचं थांबवलं त्यांची झीज लगेच सुरू झाली, तीही वेगानं. आणखी चार वर्षांनी मोजलं तेव्हा, इस्ट्रोजेन कधीच न घेतलेल्या बायकांत आणि त्यांच्यात फरक उरला नव्हता.

चार वर्षांची कमाई चार वर्षांत गेली. बँकेत ठेवल्यासारखं हे संरक्षण मागे राहत नाही.

मग आलं २००२. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीतला, गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायकांचा गट ठरलेल्या मुदतीआधी थांबवला गेला. त्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (गर्भाशयाच्या अस्तराला जपण्यासाठी जोडीला दिलं जाणारं दुसरं हार्मोन) अशी जोडगोळी मिळत होती. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ३० ऐवजी ३८ केसेस दिसल्या. पक्षाघात वाढले, रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. बातमी जगभर गेली आणि लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या.

त्याच अहवालात आणखी एक ओळ होती, ती बातमीत फारशी आली नाही. खुब्याची फ्रॅक्चर दहा हजारांमागे १५ वरून १० वर आली होती. हार्मोन घेतल्यानं खुबा मोडायचा वाचतो, याचा इतक्या मोठ्या चाचणीतला पहिला भक्कम पुरावा नेमका त्याच कागदावर होता. शिवाय या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीत वाफांनी हैराण झालेल्या बाईला हेच आकडे जसेच्या तसे लावणं मला कधीच पटलेलं नाही.

[दृश्य : रुग्णालयाचा लांब रस्ता. वॉकर घेऊन चालणारे पाय.]

त्या भीतीचा हिशेब पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात झाला. २००२ साली हार्मोन घेत असलेल्या ८०,९५५ बायकांच्या नोंदी साडेसहा वर्षं पाहिल्या गेल्या. ज्यांनी गोळी सोडली त्यांना खुब्याच्या फ्रॅक्चरचा धोका चालू ठेवणाऱ्यांपेक्षा ५५ टक्क्यांनी जास्त होता, आणि हा फरक सोडल्यावर दोन वर्षांतच दिसायला लागला. हा नोंदींचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही, तेव्हा हा आकडा थोडा हातचा राखूनच घ्यावा.

इथं एक गैरसमज होऊ शकतो. हार्मोन सोडल्यावर हाडं कधीच न घेणाऱ्यांपेक्षाही वाईट होतात का? तसं नाही. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मधल्या बायकांचा चाचणीनंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा फायदा ओसरलेला दिसला, पण जास्तीची फ्रॅक्चर दिसली नाहीत. हाडांची झीज रोखणाऱ्या डेनोसुमॅब या इंजेक्शनची गोष्ट निराळी. ते मध्येच सोडलं तर काहींचे एकापाठोपाठ एक मणके दबतात.

म्हणजे गोळी जन्मभर घ्यायची? वय वाढतं तसा पक्षाघाताचा आणि गुठळ्यांचा धोकाही वाढतो. प्रोजेस्टिनसह घेणाऱ्यांत जितकी वर्षं जास्त, तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त. ज्यांना स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात किंवा पायात गुठळी होऊन गेली आहे, त्यांच्यासाठी हा रस्ता सहसा बंदच असतो. दुसरीकडे, त्वचेवर लावायच्या पॅचमधून किंवा जेलमधून इस्ट्रोजेन घेतलं तर गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. हाडांना डोसही फार लागत नाही. योनीत लावायचं मलम मात्र हाडांपर्यंत पोहोचत नाही. ते लावणाऱ्या कितीतरी जणींना वाटत असतं की आपलं हार्मोन चालूच आहे.

सुरू करणं आणि चालू ठेवणं यात फरक आहे. साठीनंतर, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं उलटल्यावर, केवळ हाडांसाठी नव्यानं सुरू करायचा सल्ला डॉक्टर सहसा देत नाहीत. आधीपासून घेणारीनं मात्र साठाव्या किंवा पासष्टाव्या वाढदिवसाला थांबलंच पाहिजे असा नियम नाही. उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीनं २०२२ मध्ये हेच सांगितलं : ठरावीक वय नको, वेळोवेळी फेरविचार हवा. आणि जिची पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली, तिनं काही अडचण नसेल तर निदान पन्नाशीपर्यंत तरी घ्यावं.

[दृश्य : डेक्सा मशीन. यंत्राचा हात अंगावरून हळूहळू सरकतो.]

आता ही डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारी. काही मिनिटांची, न दुखणारी. तिच्यात येणारा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. गोळी थांबवायची असेल तर हा आकडा थांबवण्याआधी हातात हवा. तो नाजूक असेल तर डॉक्टर अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखं हाडांची झीज रोखणारं औषध पुढे लावून देऊ शकतात. ते हाडातच मुरून बसतं आणि बंद केल्यावरही काही काळ काम करत राहतं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, वजन पेलण्याचे व्यायाम हे सगळं हवंच. पण इस्ट्रोजेननं सोडलेली जागा एकट्या कॅल्शियमच्या गोळीनं भरून निघत नाही.

[दृश्य : पहिल्या दृश्यातली पट्टी. शेवटची गोळी अजून तिथंच आहे. शेजारी उघडी फाइल, पेन.]

फाइलच्या पहिल्या पानावर आज दोन तारखा लिहिल्या जातात. गोळी थांबवायची एक. आणि पुढच्या डेक्साची दुसरी.