हरताना कोण बघत होतं?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय तो 'व्हिडिओ गेम आणि नवा डेटा कायदा' असा. कायद्यापर्यंत मी येणारच आहे, पण आधी पाच मिनिटं पत्त्यांवर बोलतो, कारण माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

आमच्याकडे मे महिन्यात दुपारची जेवणं झाली की सतरंजी पडायची आणि झब्बू सुरू व्हायचा. आमचे धाकटे काका एरवी गरीब गाय. पण झब्बूवर झब्बू बसायला लागले की पानं आपटायचे, आम्हा पोरांवर लबाडीचा आळ घ्यायचे, एकदा तर उठून परसात जाऊन बसले. घरात हे सगळ्यांना ठाऊक. पण काकांचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांच्या कानावर कुणी घातलं नाही! हसा, पण मुद्दा तोच आहे. सतरंजीवरचं सतरंजीवर राहायचं. खेळताना माणूस मोकळा होतो, कारण बघणारे समोर बसलेले असतात आणि त्यांच्याही हातात पानं असतात.

आता गेम घ्या. तुम्ही कुठे हरलात, कितव्यांदा हरलात, हरल्यावर पुन्हा खेळलात की बंद करून झोपलात, हे सगळं मोजता येतं. त्याला टेलिमेट्री म्हणतात. गेम बनवणाऱ्याला ती लागते, हे मला मान्य आहे. हजारो जण एकाच पुलावर मरत असतील तर पूल फार अवघड झालाय हे त्याला दुसरं कसं कळणार? मोजा, पण सांगून मोजा, एवढंच मी गेली कित्येक वर्षं पोटतिडकीने सांगत आलोय.

एप्रिल २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या 'नॉइब' या संस्थेने युबिसॉफ्ट कंपनीविरुद्ध तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार केली. गेम होता 'फार क्राय प्रायमल'. एकट्याने खेळायचा, त्यात दुसरा खेळाडूच नाही. तक्रारदाराने तपासलं, तर दहा मिनिटांत गेमने बाहेरच्या सर्व्हरशी १५० वेळा संपर्क साधला होता. मी पॉलिटेक्निकला नेटवर्किंग शिकवतो. असं काही वाचलं की माझे हात शिवशिवतात.

दिवाळीत बहिणीकडे इचलकरंजीला गेलो होतो. भाचा नववीत. त्याच्याकडेही एक असाच एकट्याने खेळायचा गेम होता, वेगळ्या कंपनीचा. नाव घेत नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर मी वायरशार्क टाकलं. कॉम्प्युटरमधून बाहेर पडणारं प्रत्येक पाकीट त्यात ओळीने दिसतं. आतला मजकूर बहुतेक वेळा कुलूपबंद असतो, पण पाकिटावरचा पत्ता वाचता येतो. गेम सुरू केला, मेनूवर आणून ठेवला, कंट्रोलर टेबलावर उपडा ठेवला आणि दोघं हाताची घडी घालून बसलो. बहिणीने चकल्यांची ताटली आणून ठेवली. पहिली चकली संपायच्या आत स्क्रीनवर ओळी सरकायला लागल्या. एक पत्ता गेम कंपनीचा. दुसरा जाहिराती मोजणाऱ्या कंपनीचा. मग पुन्हा तेच दोन, पुन्हा तेच. कुणी काही खेळत नव्हतं, तरी पाकिटं जात होती.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, मी हरतो तेव्हाचं पण जातं का?"

"आत काय आहे ते मला दिसत नाही रे," म्हटलं, "पाकीट बंद आहे."

तो नवरात्रापासून एका राक्षसापाशी अडकला होता, आणि मित्रांना त्याने ते सांगितलं नव्हतं. तो उठला आणि त्याने सरळ नेटची वायर काढली. गेमने लगेच पाटी दाखवली, सर्व्हरशी संपर्क तुटला, आणि तिथेच अडून बसला. घरात बसून, एकट्याने, विकत घेतलेला गेम! आमची बहीण तर म्हणाली, अरे, दुकानदाराने भांडं विकल्यावर आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसावं तसं झालं की हे.

घरी आल्यावर मी आणखी एक केलं. मी स्वतः एक शेतीचा गेम खेळायचो. त्या कंपनीकडे माझ्या खात्याचा सगळा डेटा मागितला. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे काही कंपन्या ही सोय जगभरच्या खेळाडूंना देतात. काही दिवसांनी फाइल आली, एक्सेलमध्ये उघडली. खेळ सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, कुठल्या फोनवरून. हजारभर ओळी असतील. मी सहज खाली सरकत एप्रिल २०२१ वर आलो. तेव्हा वडील ऑक्सिजनवर होते. हॉस्पिटलमध्ये आत सोडत नव्हते, झोप लागायची नाही, मग मी फोनवर भोपळे लावत बसायचो. फाइलीत रोजची नोंद आहे. रात्री अडीच, तीन दहा, पावणेचार. आणि मग तेरा दिवस कोरे.

या सभागृहात कुणाला त्या तेरा दिवसांचा अर्थ सांगावा लागणार नाही. त्या कंपनीत कुणी तो वाचला असेल असं मी म्हणत नाही. पण माझ्या घरातलं ते सुतक कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर पाच वर्षं नोंदलेलं आहे, आणि ते तिथे ठेवू का, असं मला कुणी विचारलं नव्हतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, की आम्ही नाव घेत नाही, पत्ता घेत नाही. जून २०१८ मध्ये हेच उत्तर 'रेड शेल' नावाच्या सॉफ्टवेअरने दिलं होतं. 'सिव्हिलायझेशन ६', 'टोटल वॉर', 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन', 'कोनन एक्झाइल्स' अशा बऱ्याच गेममध्ये ते सापडलं. शोधलं कुणी? खेळणाऱ्यांनीच. गेमच्या फोल्डरमध्ये 'रेडशेल' नावाची फाइल आहे का, हे घरोघरी लोक बघत बसले आणि यादी वाढत गेली. त्याचं काम एवढंच, की तुम्ही कुठली जाहिरात बघून गेम घेतलात ते शोधायचं. जाहिरातीवर बोट लावलंत की तुमच्या ब्राउझरचं माप घ्यायचं, म्हणजे आयपी पत्ता, स्क्रीनचा आकार, कुठले फॉन्ट आहेत वगैरे. पुढे गेम सुरू झाला की आतून पुन्हा माप घ्यायचं आणि दोन्ही जुळवायची.

आमच्या गल्लीत एक शिंपी होते. वहीत नाव लिहायचे नाहीत, नुसती मापं. छाती, बाही, गळा, आणि डावा खांदा अर्धा इंच खाली. पण वही उघडून ते सांगायचे, हा सदरा जोशी मास्तरांचा. नाव लागतच नाही हो, माप पुरतं! फरक इतकाच, की मास्तर स्वतःच्या पायांनी दुकानात जाऊन हात पसरून उभे राहायचे.

ओरड झाल्यावर अनेकांनी रेड शेल काढून टाकलं. 'एल्डर स्क्रोल्स'वाल्यांनी तर सांगितलं, की ते चुकून खेळाडूंपर्यंत गेलं. खेळाडूंनी फोल्डर उघडले नसते तर ती चूक सापडली असती का, हे तुम्हीच सांगा.

लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल थोडं बोलायलाच हवं. ऑनलाइन खेळात चोरटे असतात, त्यांना पकडायला कॉम्प्युटरच्या खोलवर जावं लागतं, हे खरं आहे. २०२० मध्ये 'व्हॅलोरंट'बरोबर आलेलं 'व्हॅनगार्ड' तर कॉम्प्युटर सुरू होतानाच जागं होतं. पण २०१३ मध्ये अमेरिकेत 'ईएसईए' नावाच्या स्पर्धात्मक गेमिंगच्या सेवेत काय झालं ते ऐका. लबाडी पकडायला खेळाडूंनी विश्वासाने जे सॉफ्टवेअर घेतलं, त्यातूनच सुमारे १४,००० कॉम्प्युटर गुपचूप राबवून बिटकॉइन हे डिजिटल चलन तयार केलं गेलं. राखणदाराला किल्ली देताना त्याच्या हातावर कुणाची नजर आहे, हे विचारायला...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. कायद्यावर भराभर बोलतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, आणि त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात, म्हणजे त्यांना अजून सवड आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल, मुलांच्या वागण्यावर पाळत आणि नेमक्या त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती यांना मनाई आहे, काही अपवाद सोडून. मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत. मोठा वाटतो ना? अमेरिकेत 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्सने मुलांच्या डेटापायी २०२२ मध्ये २७.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. आपल्याकडे असं एक तरी प्रकरण तडीस जाईल तेव्हा मी या कायद्यावर विश्वास ठेवीन.

माझी मोठी शंका वेगळी आहे. पालकांची संमती पडताळायची म्हणजे पालक कोण आणि मूल कोण हे कंपनीला आधी कळलं पाहिजे. भाच्याच्या गेमला आज बहिणीचं नावही ठाऊक नाही. उद्या तिची कागदपत्रं लागली तर? कमी माहिती घ्या म्हणून केलेल्या कायद्याने जास्त माहिती जमा होऊ नये, यासाठी पालकांनी आत्ताच बोललं पाहिजे. मोठ्यांचं तर सगळं 'मान्य आहे' या एका बटणावर येऊन ठेपतं.

आणि शेवटचं, जे इथे बहुतेकांना माहीत नसेल. या कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागणार आहे. म्हणजे मराठीत, कोकणीतही. आपला डेटा काय आहे ते विचारायचा आणि पुसून मागायचा हक्कही त्यात आहे. तेव्हा गेमवाल्यांना मराठीत पत्र लिहा, मराठीत सूचना मागा. माझ्या पत्राचा मसुदा मी छापून आणलाय, दाराशी पुस्तकांच्या टेबलावर ठेवलाय. लॅपटॉपही तिथेच आहे. ज्यांच्या फोनमध्ये मुलांचे गेम आहेत त्यांनी चहा घेऊन तिकडे या, कुठली पाकिटं कुठे जातात ते एकेक गेम उघडून बघू.