पहिला महिना पाण्याचा

(वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्यात झालेल्या मार्गदर्शन सत्रात एका अनुभवी परिचारिकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर काही जण असे आहेत ज्यांची शस्त्रक्रिया पुढच्या काही आठवड्यांत ठरली आहे, आणि त्यांच्या शेजारी बसलेत ते त्यांना घरी सांभाळणारे. मी आज जास्त बोलणार आहे ते या दुसऱ्यांशी. जठर कसं कापतात, स्लीव्ह आणि बायपास या दोन शस्त्रक्रियांपैकी कुठली कुणाला, हे सर्जननी चित्र काढून समजावलेलं आहे. वॉर्डातून घरी गेल्यावर स्वयंपाकघरात काय होतं, ते मात्र चित्रात येत नाही. माझं काम आयुष्यभर वॉर्डात झालं, आणि पहिल्या महिन्यात परत दाखल झालेली माणसं मी पाहिली आहेत. टाका उसवला, गळती झाली, असे रुग्ण त्यांत असतात, पण थोडे. बरेच जण येतात ते कोरडे पडून. पाणी पोटात गेलेलं नसतं.

पाणी का जात नाही, ते आधी समजून घ्या. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. अन्न पडतं ती ही पिशवी जेमतेम ३० मिलिलिटरची असते. त्यात आतून सूज. त्यामुळे एरवी आपण तांब्या तोंडाला लावून घटाघट पाणी पितो, तसं पिता येत नाही. दोन मोठे घोट घेतले की छातीत अडकल्यासारखं दुखतं, मग माणूस घाबरतो आणि पिणंच सोडतो. दुसरी गोष्ट अशी की भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक बरंचसं जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. भूक लागत नाही याचा सगळ्यांना आनंद होतो, पण भुकेबरोबर खाण्यापिण्याची आठवणही जाते. म्हणून पहिला महिना तहानेवर विसंबू नका, घड्याळावर विसंबा.

खोकल्याच्या औषधाबरोबर जे मापाचं टोपण येतं ना, ते जपून ठेवा. त्यावरचं माप बघून ३० मिलिलिटर, दर पंधरा मिनिटांनी, आणि तेही दोन-तीन घोटांत. जागेपणी बारा तास असं केलं की जवळजवळ दीड लिटर होतं. दिवसाला दीड ते दोन लिटर हे आपलं उद्दिष्ट. मोबाइलवर गजर लावा. ते जमतंय की नाही हे वजनकाट्यावर कळणार नाही, लघवीच्या रंगावर कळेल. गडद पिवळी झाली, दिवसात दोनदाच झाली, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय. काटा पहिला महिना कपाटावर ठेवून द्या. सलाईनमुळे काहींचं वजन दवाखान्यातून निघताना दीड-दोन किलो वाढलेलं दिसतं, आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा बरेचदा थबकतो. दोन्हीही नेहमीचं आहे. पण ते बघून लोक घाबरतात आणि जे थोडंफार पितात तेही कमी करतात.

आता दवाखान्यातले दोन-तीन दिवस. ज्यांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे आणि घरी सीपॅपचं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवा देणारं यंत्र आहे, त्यांनी ते बरोबर आणायचंच. भुलीनंतरच्या पहिल्या रात्री त्याची गरज सर्वांत जास्त असते. शुद्धीवर आल्यावर मळमळेल, खांदा दुखेल. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतो, असं प्रत्येक जण विचारतो. दुर्बिणीतून काम करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटल चिडतं आणि त्याच्या नसेची वेदना खांद्यात उमटते. चालल्याने ती एक-दोन दिवसांत उतरते.

चालणं त्याच संध्याकाळी सुरू होतं, आणि इथे नातेवाइकांचं आणि आमचं हमखास वाजतं. 'सिस्टर, आज राहू दे हो, उद्या चालवा, केवढं मोठं ऑपरेशन झालंय.' हे मायेपोटी असतं, मला कळतं. पण वजन जास्त असलेल्या शरीरात, ऑपरेशननंतर, पडून राहिलेल्या पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात. तशी एखादी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. या शस्त्रक्रियेनंतर जे थोडे मृत्यू होतात त्यांतलं हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून तर पोटावर रक्त गोठू न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं, पायांत घट्ट मोजे, आणि ही चालण्याची कटकट. फुप्फुसं मोकळी राहावीत म्हणून तीन चेंडूंचं फुंकणीसारखं खेळणं देतात, ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. दर तासाला दहा वेळा.

बाहेरगावच्या मंडळींसाठी एक सांगते. लातूर, कोल्हापूर, जळगावहून आला असाल तर सुटी मिळाल्याबरोबर रात्रीच्या गाडीने निघू नका. चार-सहा दिवस इथेच कुणाकडे राहायची सोय करा, पहिली तपासणी करून जा. जाताना दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. हेपॅरिनची इंजेक्शनं घरी चालू ठेवायला सांगितली असतील तर ती प्रवासाच्या दिवशीही चुकवायची नाहीत. मेडिक्लेमची मंजुरी येईपर्यंत सुटीचा दिवस कागदपत्रांतच जातो. त्या धावपळीत रुग्ण तासन्‌तास टोपणभरही न पिता बसून राहतो. बिलाच्या रांगेत एकाने उभं राहा, दुसऱ्याने घड्याळ सांभाळा.

आणि आता स्वयंपाकघर. पहिले दोन आठवडे फक्त पातळ. पातळ म्हणजे चहाच्या गाळणीतून चमच्याने न दाबता खाली उतरेल ते. वरणाची निवळी, मुगाचं कढण, पातळ ताक, गाळलेलं सूप, साय काढलेलं दूध, त्यात सांगितलेली प्रोटीन पावडर. शहाळ्याचं पाणी चालेल, मधुमेह असेल तर विचारून. त्यानंतर साधारण दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, गुळगुळीत: घोटलेलं वरण, दही, पनीर, अंडं, आणि मासे खाणाऱ्यांना उकडून कुस्करलेला काटे काढलेला मासा. मग मऊ जेवण. पोळी आणि मोकळा भात सगळ्यांत शेवटी. पोळीचा गोळा होऊन अडकतो, भात फुगतो. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, तुमच्या कागदावर लिहिलंय ते पाळा.

इथे मला सासूबाईंशी, आईशी, वहिनींशी बोलायचंय. आपल्याकडे आजारी माणसाची काळजी घ्यायची म्हणजे त्याला खाऊ घालायचं. पाचव्या दिवशी मुलगा निवळीची वाटी समोर घेऊन बसलेला बघवत नाही. मग हळूच मऊ भाताचे दोन घास येतात, 'एवढ्याने काय होतंय' म्हणत. आतली शिवण अजून ताजी असते, जठर सुजलेलं असतं. ते दोन घास ओकारी आणतात, ओकारीने पाणी बंद होतं आणि तिसऱ्या दिवशी आपण पुन्हा सलाईनवर. उलट बाजूही आहे. बघायला येणारी मंडळी आइस्क्रीम, मँगो शेक, शिरा आणतात. तेही मऊच की! बायपास झालेल्याच्या आतड्यात एवढी साखर एकदम उतरली की घाम फुटतो, धडधडतं, जुलाब होतात. स्लीव्हवाल्याला कदाचित काहीच होणार नाही, पण मग जी थोडी जागा आहे ती साखरेनेच भरते, आणि दिवसाचं ६० ते ८० ग्रॅम प्रथिनांचं काम राहून जातं. प्रेम करायचंच असेल तर दर पंधरा मिनिटांनी टोपण भरून हातात द्या. रात्रीच्या जागरणापेक्षा ते कठीण आहे, मी बघितलंय.

उपवासांचंही आत्ताच ठरवा. घरात चातुर्मास, एकादशी, संकष्टी पाळत असाल तर या वर्षी रुग्णाला त्यातून मोकळं करा. निर्जळी तर नाहीच. आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, वर त्याची खिचडी चिकटते.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रुग्ण रडतो. 'उगाच करून घेतलं' म्हणतो. वर्षानुवर्षं अन्नाने मन रमवलेलं असतं आणि ते एका दिवसात बंद होतं, शिवाय अंगात ताकद नसते. त्या वेळी 'तूच हट्ट धरला होतास' हे वाक्य घरात कुणीही बोलू नये. अनेकजण ही शस्त्रक्रिया नातेवाइकांपासून लपवतात, 'पित्ताशयाचं ऑपरेशन' असं सांगतात. कुणाला सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण लपवल्यामुळे समोर ठेवलेला लाडू नाकारता येत नाही, हे मी वारंवार ऐकलंय. नितीन गडकरींनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली, ते सगळ्या देशाला माहीत आहे. यात लाजण्यासारखं काय आहे?

गोळ्यांबद्दल. मधुमेहाच्या रुग्णांची साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. जुन्या मात्रेत इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी चालू ठेवली तर साखर धोकादायक पातळीवर घसरू शकते. रक्तदाबाचंही तसंच. सुटीच्या कागदावरची नवीन मात्रा हीच खरी, डब्यातली जुनी पाकिटं बाजूला काढा. आणि कुठलीही गोळी आपल्या मनाने कुटू नका, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात उतरतं.

धोक्याची खूण एकच लक्षात ठेवायची असेल तर नाडी. शिवणीतून गळती हजारात थोड्यांनाच होते, पण ती घरी गेल्यावरही होऊ शकते, आणि तिची पहिली खूण बरेचदा ताप किंवा पोटदुखी नसते, नाडी वाढलेली असते. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात असेल ते शोधा, नवे सेल घाला. त्यावरचा दुसरा आकडा नाडीचा. सकाळ-संध्याकाळ, दहा मिनिटं शांत बसल्यावर बघून लिहून ठेवा. सतत १०० च्या वर असेल तर फोन करा. १२० च्या वर असेल तर फोन करत बसू नका, निघा. पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, धाप, एका पोटरीत दुखून सूज, हे दिसलं तरी तसंच. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघू नका.

शेवटचा मुद्दा गावाकडच्या दवाखान्याचा. रात्री पोट दुखलं की आपण जवळच्या डॉक्टरांकडे जातो, ते बरोबरच आहे. पण त्यांना जठराचं काय केलंय हे माहीत नसतं. ते चांगल्या हेतूने डायक्लोफेनॅकची सुई देतात. या गटातली वेदनाशामकं नव्या जोडावर, विशेषतः बायपासनंतर, व्रण करतात. ओकाऱ्या होत असतील तर ते ग्लुकोजचं सलाईन लावतात. सतत ओकाऱ्या होणाऱ्या रुग्णात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. अशा वेळी बी-१ न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बरळणं ही त्याची लक्षणं. म्हणून एक कार्ड खिशात हवं. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, सर्जनचा फोन नंबर, आणि तीन ओळी: वेदनाशामक म्हणून फक्त पॅरासिटामॉल, ग्लुकोजआधी थायमिनचं इंजेक्शन, सर्जनला विचारल्याशिवाय नाकातून नळी घालू नये.

कोऱ्या कार्डांचा गठ्ठा मागच्या टेबलावर आहे. प्रत्येकाने दोन घ्या, एक रुग्णाच्या खिशात आणि एक सांभाळणाऱ्याच्या. तुमच्या शस्त्रक्रियेचं नेमकं नाव ठाऊक नसेल तर आत्ताच माझ्याकडे या, फाइल बघून आपण इथेच लिहू.